डेक वरून पाहू नका, खालून पाहा : तपासणीतल्या या चुका टाळा

डेक, म्हणजे घराला जोडलेला लाकडी फळ्यांचा उघडा ओटा, तपासायला सांगितलं की माणूस सरळ वर जाऊन उभा राहतो. दोन उड्या मारतो, कठडा हलवून पाहतो, एखादी फळी करकरली तर तेवढी नोंद करतो. फळ्या नव्या असतील, पॉलिश चकचकीत असेल, तर काम झालं. पण डेक कोसळतो तेव्हा बहुतेक वेळा वरची फळी मोडलेली नसते. घराला जोडलेली त्याची बाजू भिंतीपासून सुटते आणि अख्खा सांगाडा बिजागरीवरच्या दारासारखा खाली येतो. त्यावर उभ्या असलेल्या माणसांना बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की टॉर्च, जाड स्क्रूड्रायव्हर, मोजपट्टी आणि लेव्हल (बुडबुड्याची समतलपट्टी) घ्या आणि आधी डेकखाली जा.

भिंतीला टेकलेली फळी न पाहणं

घराच्या भिंतीला आडवी ठोकलेली जी जाड फळी असते, जिच्यात सगळ्या तुळयांची एक-एक टोकं येऊन बसतात, तिला लेजर म्हणतात. तपासणीचा निम्मा वेळ या एका फळीला द्या, असं मी कळकळीने सांगतो. का, ते हिशेबाने पाहा. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेनुसार डेकने दर चौरस फुटाला 40 पौंड, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण 195 किलो भार पेलला पाहिजे. चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद डेक घेतला तर एकूण भार दोन हजार तीनशे किलोंच्या पुढे जातो. बाहेरच्या कडेला खांब असतील तर त्यातला जवळजवळ निम्मा भार एकट्या लेजरवर येतो.

एवढा भार नुसत्या खिळ्यांवर टांगलेला डेक आजही सर्रास सापडतो. खिळा सरळ खालच्या दाबाला बरा टिकतो, पण बाहेरच्या ओढीला तो हळूहळू उपसत जातो. दर पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हात आकसतं आणि खिळ्याची पकड आणखी सैल होते. लेजरला अर्ध्या इंचाचे (साधारण 13 मिमी) आरपार बोल्ट किंवा जाड लॅग स्क्रू (बोल्टासारख्या डोक्याचे मोठे स्क्रू) हवेत, वर-खाली अशा नागमोडी रांगेत आणि फळीच्या कडेपासून आत. सगळे एकाच सरळ रेषेत असतील तर फळी त्याच रेषेवर चिरते. वॉशर लाकडात रुतला असेल तर लाकूड मऊ झालंय असं समजा.

बोल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका. ते कशात घुसलेत हे विचारा. घराच्या आतल्या चौकटीत घुसले असतील तर ठीक. पण पुष्कळ घरांची बाहेरची वीट नुसती शोभेची असते आणि ती पातळ पट्ट्यांनी मूळ भिंतीला धरून ठेवलेली असते. त्या विटेला लेजर ठोकला असेल तर डेक कितीही दणकट असू द्या, त्याचा आधार पोकळ आहे. अशा ठिकाणी घराच्या बाजूलाही स्वतःचे खांब देऊन डेक स्वतंत्र उभा करणं हाच खरा मार्ग.

दुसरा शत्रू पाणी. लेजर आणि भिंत यांच्या सांध्यावर पाणी अडवून बाहेर काढणारा पत्रा हवा, ज्याला फ्लॅशिंग म्हणतात. त्याची वरची कड भिंतीच्या बाहेरच्या आवरणामागे गेलेली असावी आणि खालची लेजरवरून पुढे आलेली. पत्र्याऐवजी सिलिकॉनची रेघ ओढलेली दिसली, तर ती रेघ कुठे ना कुठे सुटलेली असणारच. मग पाणी आत शिरतं, पण बाहेर पडत नाही. घरातल्या बाजूला त्याच भिंतीवर ओल किंवा पोपडे दिसतात का, तेही पाहा. डेकचा दोष पुष्कळदा आधी बैठकीच्या खोलीत दिसतो. पत्रा अॅल्युमिनियमचा आणि लाकूड कुजू नये म्हणून तांब्याच्या रसायनाने संस्कारित केलेलं असेल, तर दोघांचा थेट स्पर्श झाला की पत्र्याला छिद्रं पडतात.

रंगावर विश्वास ठेवणं

कुजलेलं लाकूड बाहेरून कुजलेलं दिसेलच असं नाही. एका डेकच्या लेजरला नुकताच रंग दिलेला होता, हात फिरवला तर गुळगुळीत. स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. रंग देणाऱ्याने वाईट हेतूने दिला असेल असं नाही, पण त्या रंगाने घरच्यांना सगळं ठीक असल्याची खात्री दिली होती आणि तीच धोक्याची होती.

टोचून पाहण्याची सवय लावा. लेजरची वरची कड, तुळयांची टोकं, खांबाचा बुंधा, जिन्याचा तळ, कुंड्यांखालच्या फळ्या, म्हणजे जिथे पाणी थांबतं ती प्रत्येक जागा टोचा. टोक लाकडात घुसवून थोडं उचकटा. निरोगी लाकडाची लांब, तंतुमय ढलपी निघते. कुजलेलं लाकूड बिस्किटासारखं आखूड तुटतं आणि आवाजही करत नाही. ओलावामापक असेल तर उत्तम : ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असेल तर कुजण्याची भीती फारशी नाही, तीसच्या आसपास गेला तर बुरशीला हवं ते सगळं मिळालं. कोरड्या ऋतूत एकदा पाहून समाधान मानू नका, पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवसांनीही पाहा. जी जागा तेव्हाही वाळलेली नसते, ती लक्षात ठेवा.

बंद छत तसंच सोडून देणं

डेकची किंवा बाल्कनीची खालची बाजू पत्र्याने, प्लास्टरने किंवा फळ्यांनी बंद असेल तर पुष्कळ लोक तपासणी तिथेच थांबवतात. 16 जून 2015 रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात एका इमारतीची बाल्कनी मध्यरात्रीनंतर कोसळली आणि सहा तरुण विद्यार्थी गेले. भिंतीतून बाहेर आलेल्या, बाल्कनी पेलणाऱ्या लाकडी तुळया कुजल्या होत्या आणि त्या आवरणाआड झाकलेल्या होत्या. इमारत जुनी नव्हती, जेमतेम आठ-नऊ वर्षांची होती. त्यानंतर 2018 मध्ये कॅलिफोर्नियाने अनेक घरं असलेल्या इमारतींसाठी अशा बाह्य बांधकामांची ठरावीक मुदतीने तपासणी बंधनकारक करणारा कायदा केला.

आवरणाला दोन ठिकाणी भोक पाडून आत लहान कॅमेरा घातला तरी पुष्कळ कळतं. घरमालक नाखूश होतात, भोक दिसेल म्हणतात. पण भोक बुजवता येतं. खालच्या आवरणावर तपकिरी डाग, फुगवटा किंवा झुकाव असेल तर वाट पाहू नका, ते काढाच.

जॉइस्ट हँगर आहेत म्हणून पुढे जाणं

तुळईचं टोक ज्या लोखंडी खोबणीत बसतं तिला जॉइस्ट हँगर म्हणतात. त्यात जितकी गोल छिद्रं, तितके खिळे हवेत. निम्मी छिद्रं रिकामी असतील तर त्याची ताकदही त्याच प्रमाणात गेली. खिळे त्या हँगरसाठीचे जाड आणि पुरेशा लांबीचे असावेत. फळ्या बसवायचे साधे स्क्रू तिथे मारलेले फार वेळा दिसतात. ते आडव्या भाराखाली वाकत नाहीत, टपकन तुटतात. डोकं जागच्या जागी राहतं, त्यामुळे वरून काही कळत नाही.

गंज पाहताना रंगाकडे लक्ष द्या. पांढरी पावडर म्हणजे जस्ताचा थर खर्ची पडतोय, अजून वेळ आहे. नारिंगी खपल्या सुटत असतील तर वेळ संपत आली. अमेरिकेत 2003 च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकचं रसायन गेलं आणि तांबं जास्त असलेली रसायनं आली. ती साध्या लोखंडाला जास्त खातात. म्हणून त्यानंतरच्या लाकडात हॉट-डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) किंवा स्टेनलेस स्टीलचेच खिळे-बोल्ट हवेत, आणि स्टेनलेस खिळे साध्या गॅल्वनाइज्ड हँगरमध्ये मारून दोन्हींची सरमिसळ करू नये.

खांब फक्त वरून मोजणं

खांब ओळंब्यात आहे, जाड आहे, मग ठीक, असं नसतं. खांब जिथे जमिनीला भेटतो तिथली माती चार बोटं उकरा आणि तिथे टोचून पाहा. सडणं सुरू होतं ते तिथेच. खांब काँक्रीटमध्ये गाडण्यापेक्षा जमिनीपासून थोडा उचललेल्या लोखंडी बुटावर बसलेला बरा. छपराचं पाणी पायाजवळ पडत असेल तर पाया खचतो, आणि मग डेकवर लेव्हल ठेवली की बुडबुडा सरकलेला दिसतो.

मुख्य तुळई खांबावर बसलेली आहे की बाजूला नुसत्या बोल्टवर टांगलेली आहे, तेही पाहा. टांगलेली असेल तर सगळा भार दोन बोल्टांवर आहे. तुळईचा जोड खांबाच्या डोक्यावरच हवा, दोन खांबांच्या मध्ये हवेत नको.

कठडा एका बोटाने हलवून पाहणं

अमेरिकेच्या निवासी संहितेत डेकची उंची 30 इंचांपेक्षा (76 सेंमी) जास्त असेल तर कठडा लागतो, तो किमान 36 इंच (91 सेंमी) उंच हवा आणि गजांमधली फट चार इंचांच्या (10 सेंमी) चेंडूला आरपार जाऊ देणारी नसावी. ही अट लहान मुलांच्या सुरक्षेसाठी आहे. शेवटची फट मोजपट्टीने मोजा, डोळ्यांनी फसायला होतं. कठड्याच्या वरच्या कडेने बाहेरच्या दिशेला कुठल्याही एका बिंदूवर 200 पौंड, म्हणजे सुमारे 90 किलो, जोर सोसायला हवा. तपासताना पाय आत घट्ट रोवून दोन्ही हातांनी ढकला. स्वतःचं वजन त्यावर टाकू नका.

हलत असेल तर मूळ शोधा. कठड्याच्या खांबट्या पुष्कळदा डेकच्या कडेच्या फळीला एकाच स्क्रूने धरलेल्या असतात आणि ढकललं की फळीच पिळते. काही ठिकाणी खांबटीचा बुंधा अर्धा कापून तिला बाहेरून लावलेलं असतं. कापलेल्या जागी ती चिरते. जास्त स्क्रू मारून हे सुटत नाही, उलट लाकूड आणखी कमजोर होतं.

जिन्याच्या बाबतीत एकच आकडा लक्षात ठेवा. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत ठेंगण्या पायरीतला फरक 3/8 इंचापेक्षा (साधारण 9 मिमी) जास्त नको. पायांना लय लागलेली असते, ती शेवटच्या पायरीवर चुकली की माणूस पडतो. जिन्याच्या पायऱ्या पेलणारे तिरके पट्टे वर नुसत्या खिळ्यांनी टेकवलेले आहेत का, तेही खालूनच कळतं.

दोष सापडल्यावर घाईने काहीतरी ठोकणं

लेजर सुटतोय हे कळल्यावर त्यात आणखी दहा खिळे मारणं ही सगळ्यांत धोक्याची दुरुस्ती. कुजलेल्या लाकडात खिळा धरत नाही आणि घरातल्या सगळ्यांना वाटतं की आता ठीक झालं. आधी डेकवर जाणं बंद करा, दाराला कुलूप लावा. मग खालून टेकू द्या आणि बांधकाम अभियंत्याला बोलवा. कुजलेला भाग बदलायचा तर पाणी कुठून येतंय ते आधी बंद करा, नाहीतर नवीन तुळईची गतही तीच होईल.

डेकवर मोठा हॉट टब (गरम पाण्याचा टब) ठेवायचा विचार असेल तर तपासणी त्याच्या आधी करा. पंधराशे लिटर पाणी म्हणजे दीड टन. चार चौरस मीटरवर ठेवलं तर दर चौरस मीटरला 375 किलो, म्हणजे वर सांगितलेल्या भाराच्या जवळजवळ दुप्पट. टबाचं आणि माणसांचं वजन यात धरलेलं नाही.

दुरुस्ती झाल्यावर पहिला चांगला पाऊस पडू द्या. मग टॉर्च घेऊन पुन्हा डेकखाली जा आणि नव्या पत्र्याच्या खालच्या कडेवर बोट फिरवून पाहा.