आठ पिनांची चिप, चार दिवे: ‘सायमन’सारखा खेळ कमीत कमी सामानात

राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन यांनी घडवलेला ‘सायमन’ हा खेळ १९७८ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने बाजारात आणला. चार रंगीत दिवे एका क्रमाने लागतात. तोच क्रम बटणं दाबून परत दाखवायचा, आणि दर फेरीला तो एका पायरीने लांबतो. घरी पहिला खेळ बनवायचा असेल तर हाच घ्यावा. स्क्रीन लागत नाही, नियम सांगावे लागत नाहीत आणि पाच वर्षांचं मूलही आजोबांना हरवू शकतं.

सामान एवढंच: एटीटायनी ८५ चिप (खेळाचा प्रोग्राम चालवणारी, आठ पिनांची, ‘डिप’ म्हणजे दोन रांगांत पाय असलेली), आठ पिनांचा आयसी बेस (चिप काढता-घालता येणारा), ५ मिमीचे चार एलईडी, ६×६ मिमीचे चार टॅक्ट स्विच (छोटी बटणं), ३३० ओहमचा एक रेझिस्टर (केशरी, केशरी, तपकिरी), ०.१ मायक्रोफॅरडचा ‘१०४’ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर, १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, आवाजासाठी २७ मिमीची पिझो डिस्क, सीआर२०३२ (३ व्होल्टचा बटण सेल), त्याचा होल्डर आणि झिरो पीसीबीचा (भोकं पाडलेल्या सोल्डरिंगच्या पाटीचा) तुकडा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं एका फेरीत मिळतं. प्रोग्राम चढवण्यासाठी आर्डुइनो ऊनो हा बोर्ड, एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचायची पाटी) आणि १० मायक्रोफॅरडचा आणखी एक इलेक्ट्रोलिटिक कुणाकडून तरी उसना आणावा. चालू-बंदचा स्विच यादीत नाही आणि तो लागणारही नाही.

एलईडीचे रंग निवडताना निळा आणि पांढरा टाळा. त्यांना जवळजवळ ३ व्होल्ट लागतात आणि सेलकडे मुळात तेवढेच असतात. पहिले दोन दिवस दिवे लागतील, मग मंदावतील. लाल, केशरी, पिवळा आणि जुन्या पद्धतीचा पोपटी हिरवा दोन व्होल्टच्या आसपास भागवतात. चिप घेताना नावात ‘व्ही’ असलेली, म्हणजे ८५व्ही मिळाली तर उत्तम. ती १.८ व्होल्टपर्यंत चालते. साध्या चिपला कंपनीची हमी २.७ व्होल्टपर्यंतच आहे. साधीच मिळाली तर बटण सेलऐवजी दोन ट्रिपल-ए सेल लावा.

एका पिनवर दोन कामं

रिसेटची (चिप पुन्हा सुरू करणारी) पिन सोडली तर या चिपच्या पाचच पिना वापरता येतात. आपल्याला चार दिवे, चार बटणं आणि आवाज मिळून नऊ हव्यात. म्हणून दिवा आणि त्याचं बटण एकाच पिनवर जोडायचं. इथे दिशा फार महत्त्वाची आहे. एलईडी पिनपासून ग्राउंडकडे लावला तर पिन इनपुट असतानाही तो तिला १.७ व्होल्टच्या आसपास दाबून धरतो. ३ व्होल्टवर चिपला ‘हाय’, म्हणजे बटण सुटं आहे हे, कळायला १.८ व्होल्ट लागतात. मग बटण न दाबताच दाबल्यासारखं वाटतं, तेही कधी कधीच, आणि माणूस दोष प्रोग्राममध्ये शोधत बसतो.

म्हणून उलटं करा. चारही एलईडींचे लांब पाय एकत्र जोडून ३३० ओहमच्या एकाच रेझिस्टरमधून सेलच्या प्लसला न्या. आखूड पाय ज्याच्या त्याच्या पिनवर, आणि प्रत्येक पिनपासून ग्राउंडला एक बटण. चिपच्या खाचेपासून मोजल्यावर दिव्यांच्या पिना ५, ६, ७ आणि २, पिझो ३ वर, ग्राउंड ४ आणि प्लस ८. पिन १ रिसेटची, ती मोकळी सोडा. पिझोची दुसरी तार ग्राउंडला. खेळात एका वेळी एकच दिवा लागतो, म्हणून एक रेझिस्टर चौघांना पुरतो. दोन बटणं एकदम दाबली तर एखादा दिवा फिका पडेल, बिघडणार काही नाही.

‘१०४’ कपॅसिटर पिन ४ आणि ८ यांच्यात, बेसला अगदी चिकटून. १० मायक्रोफॅरडचा सेलजवळ, पट्टा असलेला पाय मायनसला.

टॅक्ट स्विचला पाय चार असले तरी ते आतून दोन-दोन जोडलेले असतात. चुकीची जोडी निवडली तर बटण कायमचं दाबलेलं राहतं. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, तिरपे पाय घेतले की चूक होतच नाही.

या जोडणीचा एक फायदा असा की चिप न बसवताच तपासणी करता येते. बेस रिकामा ठेवून सेल लावा आणि एकेक बटण दाबा. प्रत्येक बटणाने त्याचाच दिवा लागला तर वायरिंग बरोबर आहे. न दाबता दिवा लागला तर सोल्डरचा थेंब दोन टाक्यांवर पसरला आहे.

चिपमध्ये प्रोग्राम चढवणं

ऊनोवर आधी ‘आर्डुइनो आयएसपी’ हे तयार उदाहरण चढवा. त्यानंतरच ऊनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, मायनस ग्राउंडला. चिप ब्रेडबोर्डवर वेगळी ठेवून ऊनोची १० नंबरची पिन चिपच्या १ ला, ११ ही ५ ला, १२ ही ६ ला, १३ ही ७ ला जोडा. ५ व्होल्ट ८ ला, ग्राउंड ४ ला. खेळाच्या बोर्डवर बसवलेल्या चिपमध्ये प्रोग्राम चढवू नका. त्याच पिनांवरचे दिवे आणि बटणं आड येतात आणि ऊनोचे ५ व्होल्ट सेलमध्ये शिरतात. आयसी बेस घ्यायला सांगितला तो यासाठीच.

आर्डुइनोच्या बोर्ड मॅनेजरमधून ‘एटीटायनी कोअर’ घ्या. चिप ८५, क्लॉक ‘इंटर्नल १ मेगाहर्ट्झ’, बीओडी (व्होल्टेज पडलं की चिप थांबवणारी सोय) ‘डिसेबल्ड’ निवडा आणि एकदा ‘बर्न बूटलोडर’ दाबा. इथे बूटलोडर वगैरे काही जात नाही, फक्त फ्यूज, म्हणजे चिपच्या मूळ सेटिंग्ज, ठरतात. हे न करता नुसतं ८ मेगाहर्ट्झ निवडून प्रोग्राम चढवला तर सगळं आठपट संथ चालतं, कारण नवी चिप कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवरच येते. चुकून ‘एक्स्टर्नल’ क्लॉक निवडलात तर क्रिस्टल जोडेपर्यंत चिप दाद देणार नाही. सिग्नेचर (चिपची ओळख सांगणारा आकडा) सगळी शून्यं आली तर चिप उलटी बसली आहे किंवा तार सैल आहे. बहुतेक वेळा तारच.

प्रोग्रामचं डोकं

क्रम साठवून ठेवायची गरज नाही. एक १६ बिटांचा आकडा, म्हणजे बी, लक्षात ठेवला की पुरे. दर वेळी त्याच बीपासून सुरुवात केली की तोच क्रम पुन्हा निघतो. पद्धत अशी: आकड्याचा शेवटचा बिट बाजूला काढा, आकडा एक घर उजवीकडे सरकवा, काढलेला बिट १ असेल तर आकड्याचा ४६०८० शी एक्सऑर करा (दोन्हींचे बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०). असं दोनदा करून खालचे दोन बिट घेतले की ० ते ३ यांपैकी एक दिवा मिळतो. एकदाच सरकवलं तर दोनपैकी एक बिट मागच्या उत्तरातलाच येतो आणि हुशार मुलं पुढचा दिवा ओळखू लागतात. बी शून्य मात्र नसावं, नाहीतर आकडा तिथेच अडकतो.

बी कुठून आणायचं? सुरुवातीचं बटण दाबलेलं असेपर्यंत एक मोजणी भरभर फिरवा. बोट उचलण्याची वेळ कुणालाच मायक्रोसेकंदात साधता येत नाही.

दिवा लावायचा म्हणजे पिन आउटपुट करून ‘लो’, विझवायचा म्हणजे ‘इनपुट-पुलअप’ (आतल्या रेझिस्टरने ‘हाय’कडे ओढलेली इनपुट). पिन आउटपुट असताना ‘हाय’ कधीच करू नका. त्याच वेळी कुणी बटण दाबलं तर पिन थेट ग्राउंडला शॉर्ट होते. लावताना आधी ‘लो’ लिहा आणि मग आउटपुट करा, हा क्रम पाळा.

बटण वाचल्यावर २० मिलिसेकंद थांबा आणि सगळी बटणं सुटेपर्यंत पुढचं वाचू नका. खेळाडूचं शेवटचं बटण आणि पुढच्या फेरीचा पहिला दिवा यांत ८०० मिलिसेकंद ठेवा, नाहीतर दोन्ही एकच वाटतात. दिवा पाचव्या पायरीपर्यंत ४००, तेराव्यापर्यंत ३०० आणि पुढे २०० मिलिसेकंद ठेवला की चढण बरोबर लागते.

आवाज

सूर ८००, १०००, १२०० आणि १६०० हर्ट्झ ठेवा: सा, ग, प आणि तार सा. अर्ध्या लहरीचा वेळ अनुक्रमे ६२५, ५००, ४१७ आणि ३१२ मायक्रोसेकंद. लहरी मोजून सूर वाजवत असाल तर आकडा सुराप्रमाणे बदलायला हवा. ४०० मिलिसेकंदांसाठी सा ला ३२० लहरी, तार सा ला ६४०. सगळ्यांना एकच आकडा दिला तर वरचा सूर निम्म्यात तुटतो.

पिन उलटवायला आर्डुइनोचं नेहमीचं ‘डिजिटल राइट’ वापरू नका. १ मेगाहर्ट्झवर ते फार वेळ खातं आणि त्याचा सर्वांत जास्त फटका तार सा ला बसतो. कान असलेल्याला तो उतरलेला लगेच कळतो. ‘पिन-बी’ (PINB) या चिपमधल्या रजिस्टरमध्ये त्या बिटावर १ लिहिला की पिन आपोआप उलटते.

पिझो टेबलावर सुटी पडली असेल तर चिलटासारखी वाजते. डिस्कची फक्त कडा डब्याच्या झाकणाला चिकटवा, मध्यभाग मोकळा हवा. चंदेरी थरावर सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, थर सुटून येतो.

स्विच का नको

पाच सेकंद कुणी काही दाबलं नाही की चिपला ‘पॉवर डाउन’ झोपेत घाला. त्याआधी एडीसी (चिपमधला व्होल्टेज मोजणारा भाग) बंद करा आणि चारही बटणांवर पिन-चेंज इंटरप्ट (पिन बदलली की चिपला जागं करणारी सोय) चालू ठेवा. कुठलंही बटण दाबलं की खेळ जागा होतो. मीटर मायक्रोअँपिअरवर लावून झोपेतला करंट बघा. एकाच्या खाली आला तर काम झालं. वीसच्या घरात असेल तर बीओडी चालू राहिला आहे, शेकड्यात असेल तर एडीसी. त्या रेंजवर खेळ सुरू करू नका. मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि चिप रिसेट होत राहते. खेळताना साधारण ३ ते ४ मिलिअँपिअर जातात, म्हणजे २२० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर हिशोबाने पन्नास तासांहून जास्त खेळ होतो.

सेलच्या कप्प्याला स्क्रू हवाच, नुसतं सरकतं झाकण नको. गिळलेला बटण सेल मुलांची अन्ननलिका दोन तासांतही जाळू शकतो.