एअर रायफलच्या नळीचं तोंड घरी कसं घासून नीट करावं

छर्रे अचानक विखरून लागायला लागले, तर दुर्बिणीला हात लावण्याआधी नळीचं तोंड बघा. तिथली कड, म्हणजे क्राऊन, चेपली असेल तर हवा एका बाजूने आधी सुटते आणि छऱ्याच्या मऊ शिशाच्या घेराला तिरका धक्का बसतो. रायफल तोंडावर टेकवून भिंतीशी उभी करायची सवय असते ना, त्यातून हे होऊ शकतं.

आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा. कान साफ करायची कापूस लावलेली काडी नळीत घालून हळूच बाहेर ओढा. कापसाचे धागे जिथे अडकतील तिथे कंगोरा आहे.

४.५ मिमीच्या नळीला साधारण ८ मिमीच्या गोल डोक्याचा पितळी स्क्रू घ्या. डोक्याची खाच काठाला लागत असेल तर लहान खाचेचा स्क्रू घ्या. नळीत बोटभर आत कापसाचा बोळा बसवा, खरवडीचा कण आत जाता कामा नये. स्क्रू हँड ड्रिलमध्ये धरून डोक्याला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट) लावा, हलक्या हाताने सावकाश फिरवा आणि ड्रिल सतत गोलाकार डोलवत ठेवा. एकाच कोनात धरलात तर कड एकीकडेच झिजेल. दर अर्ध्या मिनिटाने पुसून बघा. काठाला सगळीकडे सारख्या रुंदीची चकचकीत रेघ दिसली की थांबा.

बोळा मागून सळईने तोंडाकडे ढकलून काढा, पुसा, तेलाचं बोट फिरवा.

परवान्याच्या रायफलीला मात्र हा प्रयोग नको. ती परवानाधारक कारागिराकडेच न्या.