फोनमधील जागा मोकळी करताना या चुका टाळा

चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचू लागतात, गुलालाची उधळण सुरू होते आणि नेमकी त्याच वेळी ‘स्टोरेज फुल’ची सूचना येऊन चित्रीकरण थांबते. मग गर्दीत उभ्याउभ्या हाताला लागेल ते पुसले जाते, आणि पुढे पस्तावण्याची वेळ येते ती बहुतेकदा या घाईमुळेच. हे काम घरी निवांत बसून करावे, आणि कोणतीही गोष्ट पुसण्यापूर्वी तिची दुसरी प्रत कोठे आहे हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

माझी आत्या शिरोळ तालुक्यात राहते. २०१९ च्या महापुराचे पाणी ओसरल्यावर तिने घराच्या भिंतींवरील खुणा आणि भिजलेले धान्य यांचे कितीतरी फोटो काढून ठेवले होते. बॅकअप झालेला आहे, तेव्हा फोनमधील प्रत काढली तरी चालेल, असे समजून तिने ते गूगल फोटोज ॲपमधूनच पुसले. काही महिन्यांनी गरज पडली तेव्हा ते गूगल खात्यातही नव्हते आणि ट्रॅशमध्येही नव्हते. ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती पूर्ण विश्वासाने केली जाते.

गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना नेहमीच्या पद्धतीने फोटो पुसला, तर तो फोनमधून आणि खात्यातून असा दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस, तर न झालेला ३० दिवस राहतो. केवळ फोनमधील प्रत काढायची असेल, तर ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरावा. त्याआधी संगणकावर आपले खाते उघडून फोटो तेथे खरोखर दिसतात का, हे तपासावे. खात्यातील मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांना मिळून असते. ती भरली की नव्या फोटोंचा बॅकअप थांबतो.

व्हॉट्सॲपच्या बाबतीत वेगळाच गैरसमज आहे. ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली की जागा वाचते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे नवे फोटो गॅलरीत दिसेनासे होतात, पण फोनमध्ये ते साठतच राहतात. तालीम मंडळाचा, भावकीचा आणि शाळेचा असे तीन ग्रुप असले, तरी रोजच्या शुभेच्छा आणि व्हिडिओ यांचा मोठा ढीग होतो. त्यासाठी आपोआप होणारे डाउनलोड बंद करावे आणि सेटिंग्जमधील ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जाऊन ‘मॅनेज स्टोरेज’ उघडावे. तेथे ५ एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल्स वेगळ्या दाखवलेल्या असतात. अँड्रॉइड फोनवर आपण पाठवलेल्या व्हिडिओची आणखी एक प्रत ‘सेंट’ फोल्डरमध्ये राहते, ती सहसा कोणाच्या लक्षातच येत नाही.

‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ यांत गल्लत करू नये. कॅशे म्हणजे ॲपने तात्पुरती साठवलेली माहिती; ती पुसल्यास ॲप पुन्हा तयार करते; डेटा पुसल्यास मात्र ॲप नव्याने बसवल्यासारखे होते, आणि बॅकअप नसेल तर व्हॉट्सॲपवरील संभाषणेही गमवावी लागतात. जागा मोकळी करून देण्याचे आश्वासन देणारी अनोळखी क्लीनर ॲप्स घेऊच नयेत. फोनच्या सेटिंग्जमध्ये जे दिसते, त्याहून अधिक ती फारसे काही करत नाहीत, आणि जाहिराती मात्र भरपूर दाखवतात.

पुष्कळ पुसूनही जागा वाढली नाही, तर गॅलरीतील ट्रॅश रिकामा केला आहे का, ते पाहावे. तरीही फोन वरचेवर भरत असेल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जकडे वळावे. आयफोनवर हाय-एफिशियन्सी स्वरूपात सेकंदाला ३० फ्रेम्सचा एक मिनिटाचा व्हिडिओ १०८०पी (फुल एचडी) असल्यास सुमारे ६० एमबी आणि त्याहून अधिक बारकावे टिपणारा ४के असल्यास सुमारे १७० एमबी जागा घेतो. म्हणजे शाहू स्टेडियमवरील फुटबॉल सामन्याचे अर्ध्या तासाचे चित्रीकरण एका पद्धतीने १.८ जीबीत मावते, तर दुसरीने त्याला ५ जीबीहून अधिक जागा लागते. फोनच्याच पडद्यावर पाहायचे असेल, तर १०८०पी पुरेसे असते.

असे मोठे व्हिडिओ केबलने संगणकावर घेताना ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावेत, कारण मध्येच केबल निघाली तर फाइल अर्धवट राहू शकते. कॉपी पूर्ण झाल्यावर दोन-तीन व्हिडिओ संगणकावर शेवटपर्यंत चालवून पाहावेत आणि मगच फोनमधील मूळ प्रती पुसाव्यात.