हाडांची झीज आणि दाह यांवरचं नवं संयुग तपासताना या चुका टाळा

पाचव्या दिवशी ट्रॅपचा (ऑस्टिओक्लास्टमधल्या एका विकराचा) रंग देऊन पेशी वाढवलेली प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली. कंट्रोलच्या, म्हणजे संयुग न घातलेल्या, वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यात) मोठमोठ्या, अनेक केंद्रकांच्या लालसर ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशी, आणि शेजारी संयुग घातलेली वेल जवळपास रिकामी. संयुग लागू पडलं, असं तिथल्या तिथे ठरून जातं. माझ्या मते या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

ऑस्टिओक्लास्ट आयती मिळत नाही. आधी पूर्वज पेशींची संख्या वाढावी लागते, त्या एकमेकींना खेटाव्या लागतात, मग रँक लिगँड या संदेशवाहक प्रथिनाच्या इशाऱ्यावर जुळून एक व्हाव्या लागतात. त्यामुळे पेशींचं विभाजन जरासं मंदावणारं कुठलंही रसायन या चाचणीत गुणकारी ठरतं, अगदी साधं विषसुद्धा. यावर ‘आम्ही एमटीटी केली आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं. एमटीटी म्हणजे पेशी जिवंत आहेत का हे पाहण्याची चाचणी, जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रसायनाला जांभळं करतात. पण ती बहुतेकदा २४ तासांची असते आणि ऑस्टिओक्लास्टची चाचणी पाच दिवसांची! जिवंतपणाची तपासणी तेवढेच दिवस, त्याच पेशींवर आणि त्याच डोसला करा.

एवढ्यानेही भागत नाही, हे मी स्वतः चुकून शिकले. एक पिवळसर, चांगलं अँटिऑक्सिडंट असलेलं संयुग माझ्याकडे होतं. एमटीटीत पेशी ठणठणीत दिसत होत्या. सहज म्हणून डॅपी या रंगद्रव्याने केंद्रकं रंगवून मोजली, तर कंट्रोलच्या निम्मीही भरेनात. मग पेशी न घालता नुसतं माध्यम, संयुग आणि एमटीटी एकत्र ठेवलं. थोड्या वेळात तेही जांभळं झालं. रंग पेशींनी केलाच नव्हता, संयुगानेच एमटीटीचं क्षपण (रिडक्शन) करून ते जांभळं केलं होतं. कित्येक आठवड्यांचं काम त्या एका रिकाम्या वेलने निकालात काढलं. तेव्हापासून पेशीविरहित वेल आणि केंद्रकांची मोजणी याशिवाय मी कुठल्याच संयुगावर विश्वास ठेवत नाही. सोबत संयुग घालण्याचा दिवस बदलून पाहा. फक्त पहिल्या दिवशी घातलं तरच परिणाम दिसत असेल, तर संशय विभाजनावर घ्या. आणि शेवटी हाडाच्या किंवा दंतिनाच्या (दाताच्या आतल्या कठीण भागाच्या) चकतीवर पेशी वाढवून खड्डे मोजा, कारण ट्रॅपचा रंग म्हणजे हाड विरघळणं नव्हे.

कंट्रोलमध्येच ऑस्टिओक्लास्ट होत नसतील तर संयुगाला दोष देऊ नका. या चाचणीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या उंदराच्या आरएडब्ल्यू २६४.७ पेशी फार वेळा पॅसेज झाल्या, म्हणजे नव्या भांड्यात हलवून वाढवल्या गेल्या, की ही क्षमता गमावतात. पेशींच्या माध्यमात घालायच्या सीरमचा लॉट बदलला तरी आकडे बदलतात. संयुग विरघळवायचं द्रावक, डीएमएसओ, सगळ्या वेलमध्ये सारखं, शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत ठेवा.

वनस्पतीचा अर्क किंवा जिवाणूंकडून बनवून घेतलेलं प्रथिन तपासत असाल, तर एन्डोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातला दाह पेटवणारा घटक) मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते दोन्हीकडून फसवतं. रँक लिगँडच्या आधी पेशींना मिळालं तर ऑस्टिओक्लास्ट अडवतं, नंतर मिळालं तर वाढवतं. सोपी खूण अशी, की प्रथिन उकळल्यावरही परिणाम तसाच राहिला तर तो प्रथिनाचा असण्याची शक्यता कमी. एन्डोटॉक्सिन उकळण्याला सहज दाद देत नाही.

दाह उतरला म्हणजे हाड वाचलं, हेही गृहीत धरू नका. स्टेरॉइड दाह झटकन उतरवतात आणि हाड पोखरतात. उलट संधिवाताच्या रुग्णांत डेनोसुमॅबने (रँक लिगँडला अडवणाऱ्या औषधाने) हाडाची झीज रोखली, पण सांध्यांचा दाह होता तसाच राहिला. म्हणून उंदराच्या पंजाची सूज आणि मायक्रो-सीटीवरची (हाडाच्या सूक्ष्म त्रिमितीय क्ष-किरण चित्रावरची) झीज हे दोन वेगळे निकाल समजा. संधिवाताच्या मॉडेलमध्ये, म्हणजे मुद्दाम रोग घडवलेल्या प्राण्यांत, रोग घडवणारं इंजेक्शन टोचण्याआधीच डोस सुरू केला, तर तुम्ही कदाचित फक्त रोगाची सुरुवातच अडवत असता.

प्राणी निवडतानाही घाई नको. डेनोसुमॅब उंदराच्या रँक लिगँडला चिकटतच नाही, त्यासाठी मानवी जनुक घातलेले उंदीर तयार करावे लागले. कॅथेप्सिन-के या हाड विरघळवणाऱ्या विकराचे कित्येक रोधक उंदरांत दुबळे पडतात, म्हणून ते काम ससे आणि माकडांवर गेलं. रजोनिवृत्तीनंतरच्या झिजेसाठी वापरतात त्या अंडाशय काढलेल्या मॉडेलमध्ये गर्भाशयाचं वजन जरूर घ्या. शस्त्रक्रिया नीट झाली का हे त्यातून कळतं, आणि संयुग छुपेपणाने इस्ट्रोजेनसारखं वागतंय का हेही. शिवाय शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी औषध सुरू करणं म्हणजे प्रतिबंध. रुग्ण येतो तो हाड झिजल्यावर, तेव्हा एक गट झीज होऊ दिल्यानंतर सुरू करा.

घनता वाढली की हाड मजबूत झालं, या समजुतीची किंमत माणसांनी मोजली आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०२ स्त्रिया होत्या. रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता चार वर्षांत ३५ टक्क्यांनी वाढली, पण मणक्यांचे फ्रॅक्चर लक्षणीय घटले नाहीत आणि इतर हाडांचे वाढले. प्राण्यांचं हाड शेवटी यंत्रात वाकवून, मोडून पाहा.

ओडानाकॅटिब या कॅथेप्सिन-के रोधकाने तर फ्रॅक्चरही कमी केले होते. पण स्ट्रोकचा धोका वाढलेला दिसला आणि २०१६ मध्ये त्याचा विकास थांबला. तुमचं लक्ष्य हाडाबाहेर कुठे कुठे आहे याचा शोध पहिल्याच वर्षी घ्या. आणि प्रयोग संपताना सगळे प्राणी एकदम संपवू नका. काहींचा डोस बंद करून आणखी काही आठवडे त्यांची हाडं तपासत राहा. डेनोसुमॅब थांबवल्यावर झीज उसळून वर येते आणि काही रुग्णांचे एकापाठोपाठ एक मणके मोडतात.