कापडाची कात्री: घेताना आणि वापरताना

आयटीआयला शिवणाच्या ट्रेडला प्रवेश घेतला की मशीन संस्थेचं असतं, कात्री मात्र स्वतःची लागते. ती घेताना घाई करू नका.

दोन पाती एकमेकींना घासतात तेवढ्याच जागी कात्री कापते, आणि ती जागा एका वेळी मोहरीएवढीच असते. मूठ दाबत गेलो की ती टोकाकडे सरकत जाते. म्हणूनच पाती आतून किंचित बाकदार असतात. बंद कात्री ट्यूबलाइटसमोर आडवी धरा. स्क्रू आणि टोक यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसते. हा दोष समजून स्क्रू आवळू नका.

ब्लाउज, ड्रेसच्या कामाला १० इंची कात्री घ्या, हात लहान असेल तर ९ इंची. हे माप मुठीसकट असतं. १२ इंची एकावर एक थर कापणाऱ्या कटिंग मास्तरांच्या कामाची. शिकताना मनगट भरून येतं. मूठ वर वळलेलीच हवी, म्हणजे खालचं पातं टेबलाला टेकून चालतं. सरळ मुठीची कात्री कापड उचलते, खालचा थर सरकतो आणि पुढचा-मागचा भाग जुळत नाही. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचीच कात्री मागावी. साधी कात्री डाव्या हातात पाती दाबण्याऐवजी फाकवते.

दुकानात कागद कापून दाखवतात, त्यावरून काहीच कळत नाही. टू बाय टू रुबियाची (ब्लाउजच्या पातळ सुती कापडाची) चिंधी घरून न्या. आधी चार थर कापा. मग एक थर ओला करून अगदी टोकापर्यंत कापा. शेवटचे दोन धागे राहिले किंवा कापड पात्यांत दुमडलं, तर ती कात्री परत ठेवा. मग एक मूठ धरून दुसरं पातं पूर्ण उघडा आणि सोडा. ते थोडं खाली येऊन थांबलं पाहिजे. धाडकन मिटलं तर स्क्रू ढिला, हललंच नाही तर फार घट्ट.

पितळी मुठीची मेरठची कात्री आपल्याकडच्या शिंप्यांच्या टेबलावर नेहमी दिसते. तिला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिची पाती भंगारातल्या पोलादाची असतात, धार पुन्हा पुन्हा लावता येते. पण गंज लवकर धरतो. स्टेनलेस स्टील गंजाला चिवट असतं. रोज काम करणार असाल तर आमचं मत मेरठच्या बाजूने, रोज पुसायची तयारी असेल तर.

पुसायचं ते फक्त पावसाळ्यात नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे जातो, नेमकी तेव्हाच लग्नसराई. घामात मीठ असतं. ओला हात लागतो तिथे, मुठीजवळच्या पात्यावर, आधी तांबूस ठिपके येतात. काम संपलं की कोरड्या सुती फडक्याने पुसा. सुती कापडाचा भुसा स्क्रूभोवती करड्या गादीसारखा साचतो. तो जुन्या टूथब्रशने काढा. आठवड्याला मशीनच्या तेलाचा एकच थेंब सांध्यात टाका, दहा-पंधरा वेळा उघडझाप करा, पुसा आणि आधी चिंधी कापा, नाहीतर डाग गिऱ्हाइकाच्या कापडावर. खोबरेल नको, ते चिकट होऊन भुसा धरतं.

कागदाने धार बोथट होते, म्हणून ड्राफ्टिंगची, म्हणजे कागदी नमुने कापायची कात्री वेगळी ठेवा आणि तिच्या मुठीला लाल दोरा बांधा. टाचणी किंवा जरीचा काठ पात्यात आला की खाच पडते. मग प्रत्येक कापात त्याच ठिकाणी धागा ओढला जातो. जरीसाठी जुनी कात्री वापरा. सगळ्यात वाईट म्हणजे फरशीवर पडणं. टोकं एकमेकांवर चढतात आणि मिटताना पातं पात्यावर आपटतं. अशी कात्री जबरदस्तीने चालवली तर दोन्ही धारा जातात.

टोकाशी धागे राहायला लागले की धार लावायची वेळ झाली. सँडपेपर कापल्याने धारेवरची कूस, म्हणजे बारीक खरखरीत कड, तेवढी जाते, धार येत नाही. धारवाल्याला आधीच सांगा: बाहेरची उतरती बाजूच घासायची, आतली नाही. आतली घासली की बाक जातो आणि पाती मध्येच सैल पडतात. कोरड्या चाकावर पातं निळसर झालं तर तिथलं पोलाद मऊ पडलं समजा, ती धार टिकणार नाही. पातं मध्ये मध्ये पाण्यात बुडवणाऱ्याकडेच जा, आणि पैसे देण्याआधी तीच रुबियाची ओली चिंधी टोकापर्यंत कापून बघा.