अलिबाबा चोर नव्हता! गोष्टींतले वाक्प्रचार वापरताना या चुका टाळा

मुद्रितशोधन करताना एक वाक्य फिरून फिरून समोर येतं : ‘या घोटाळ्यातला अलिबाबा कोण आणि त्याचे चाळीस चोर कोण?’ मी समासात पेन्सिलीने लिहितो, ‘अलिबाबा चोर नव्हता.’ तो बिचारा लाकूडतोड्या. टोळीचा सरदार वेगळाच, आणि त्याच टोळीच्या हातून अलिबाबा मरता मरता वाचला, तोही मर्जिना या हुशार दासीमुळे. चोरांचा माल त्याने गुपचूप घरी नेला हे खरं, पण तेवढ्याने कोणी म्होरक्या होत नाही. म्होरक्याच म्हणायचंय, तर सरळ ‘चोरांचा सरदार’ लिहा.

त्याच गोष्टीतलं ‘तिळा तिळा, दार उघड’. अलिबाबाचा भाऊ कासीम चोरांच्या गुहेत अडकतो, कारण ऐनवेळी त्याला तीळच आठवत नाही. तो भलत्याच धान्यांची नावं घेत सुटतो आणि दार हलत नाही. म्हणजे सगळी गंमत नेमक्या शब्दाची. पासवर्ड विसरलेल्या माणसाला हे चपखल बसतं. ‘मेहनत हेच यशाचं तिळा तिळा दार उघड’ हे मात्र ओढूनताणून आणलेलं. आणि ही गोष्ट ‘प्राचीन अरबी ग्रंथातली’ असंही छापू नका. जुन्या अरबी हस्तलिखितांत ती सापडत नाही. ‘अरेबियन नाइट्स’चे फ्रेंच अनुवादक आंत्वान गालां यांनी ती १७०९ मध्ये अलेप्पोच्या हन्ना दियाब यांच्या तोंडून ऐकली.

सत्काराच्या भाषणांत हमखास येणारं वाक्य : ‘कष्टाच्या जोरावर या कुरूप बदकपिल्लाचा राजहंस झाला.’ डॅनिश कथाकार हान्स अँडरसनच्या १८४३ च्या त्या कथेत पिल्लू कष्टबिष्ट काही करत नाही. ते मुळात हंसाचंच पिल्लू, चुकीच्या घरट्यात उबवलेलं. ज्याच्या गुणांची ओळख इतरांना उशिरा पटली त्याच्यासाठी ही उपमा ठीक. कष्टाळू माणसाला ती लावली की कष्ट बाजूला राहतात आणि ‘कुरूप’ तेवढं लक्षात राहतं. व्यासपीठावर बसलेल्या बाईंचा चेहरा अशा वेळी मी पाहिलाय.

‘राजा नागडा आहे’ हे अँडरसनचंच, १८३७ चं. नेत्यावर टीका करायची म्हणून ते कुठेही ठोकून दिलं जातं. पण गोष्टीतलं कापड मूर्खांना आणि पदाला नालायक असणाऱ्यांना दिसत नाही, अशी हूल उठवलेली असते. म्हणून मंत्र्यांपासून रस्त्यावरच्या माणसापर्यंत सगळे माना डोलावतात. टोमणा राजापेक्षा त्यांना जास्त लागतो. ज्याच्यावर आधीच चहूकडून टीका होतेय, त्याला हा वाक्प्रचार लावून काय साधणार? आणखी एक : मूल ओरडतं, लोकही ओरडायला लागतात, तरी राजा मिरवणूक थांबवत नाही. ‘सत्य बोललं की राजा शरमतो’ हा शेवट आपण पदरचा जोडलेला.

‘लांडगा आला रे आला’ म्हणजे नुसती अफवा नव्हे. शेवटी लांडगा खरंच येतो, आणि तेव्हा कोणी धावत नाही. तो भाग सुटला तर ‘आवई’ हा शब्द पुरे.

इसापच्या कोल्ह्याची आणि वाकड्या अंगणाची गल्लत तर रोजची. मुलाखतीत नापास झालेला म्हणतो, ‘ती कंपनीच भिकार आहे’ : कोल्ह्याला द्राक्षं आंबट. तोच म्हणतो, ‘प्रश्नच वेडेवाकडे होते’ : नाचता येईना अंगण वाकडं. पहिल्यात न मिळालेल्या वस्तूला नावं ठेवली, दुसऱ्यात आपलं अपयश दुसऱ्या कशावर तरी ढकललं.

‘सिंहाचा वाटा’ मूळ गोष्टीत दमदाटीने हडपलेला असतो. मराठीत आता तो कौतुकाने म्हणतात, आणि ते रुळलंय. त्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. जपायचं ते खारीच्या वाट्याला. तो स्वतःचा सांगायचा, नम्रपणे. परवा एका स्मरणिकेच्या मजकुरात अध्यक्षांच्या तीस वर्षांच्या कामाला ‘खारीचा वाटा’ म्हटलं होतं. मी खार खोडली आणि सिंह बसवला.