वयस्कर खेळाडूचा करार वाढवताय? या चुका टाळा

आमच्या मराठवाड्यात सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. रोख किती, ज्वारी किती, उचल किती, सगळं ओट्यावर बसून तोंडी. गडी थकायला लागला की मालकाची पंचाईत होते. पोतं उचलवत नाही, रात्री पाणी द्यायला गेला की दम लागतो. पण पेरणीला चाड्यावर, म्हणजे पाभरीत बी सोडायला, मूठ त्याचीच लागते. अशा गड्याचं साल कोणी तीन वर्षांचं ठरवत नाही. आणि पाडव्याच्या आदल्या रात्री "उद्यापासून येऊ नको" असंही शहाणा मालक सांगत नाही.

युरोपातले मोठमोठे फुटबॉल क्लब या दोन्ही गोष्टी करून बसलेत. आम्हीही केल्या. आमच्या छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानावर खेळणाऱ्या एका क्लबची हिशेबाची वही मी काही वर्षं सांभाळली. रक्कम चहापाण्याच्या वरची नव्हती, पण चुका अगदी मोठ्या क्लबांच्या तोडीच्या झाल्या.

पैशावर घासाघीस, मुदतीवर मात्र गप्प

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चौतीस वर्षांचा खेळाडू एका वर्षाचे ४ कोटी मागतो. क्लब म्हणतो, जास्त होतात, वर्षाला अडीच देतो, पण तीन वर्षांसाठी. खेळाडू हसत सही करतो. क्लबला वाटतं दीड कोटी वाचवले, प्रत्यक्षात चारच्या जागी साडेसात कोटी अंगावर घेतलेले असतात. या वयात पगार चुकला तर नुकसान एका हंगामाचं, मुदत चुकली तर गुडघा गेल्यावरही दर महिन्याला पगार चालूच. म्हणून आधी वर्षं ठरवा, रुपये नंतर.

लंडनच्या आर्सेनलमध्ये प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांचा दंडक ठाऊक असेल: तिशी ओलांडलेल्याला एकेक वर्षाचीच वाढ. डेनिस बर्गकँप असाच वर्षावर्षानं २००६ पर्यंत खेळला. रोबेर पिरेसला ते पटलं नाही, तो त्याच वर्षी व्हियारेआलला गेला. म्हणजे या नियमाची किंमतही मोजावी लागते, कधी चांगला माणूस हातचा जातो. रेआल माद्रिदनं लुका मॉद्रिचला शेवटची काही वर्षं असंच एकेक वर्ष वाढवून दिलं आणि तो २०२५ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, मिलानला गेला तेव्हा दोघांचंही काही बिनसलेलं नव्हतं.

त्याच रेआलनं सेर्खिओ रामोसच्या बाबतीत घोळ घातला. २०२१ ची गोष्ट. सोळा वर्षं खेळलेला पस्तिशीचा कप्तान. क्लबनं कमी पगारात एक वर्ष देऊ केलं, त्याला दोन हवी होती. शेवटी तो एका वर्षाला तयार झाला, तर उत्तर मिळालं की प्रस्तावाची मुदत संपली. मुदत होती हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं, असं रामोसनं निरोपाच्या पत्रकार परिषदेत सांगितलं. माझ्या मते क्लबचा निर्णय बरोबर होता: पॅरिसच्या क्लबनं त्याला दोन वर्षं दिली आणि दुखापतीमुळे तो पहिल्या सामन्यासाठी मैदानावर उतरला तो नोव्हेंबरमध्ये. पण इतक्या जुन्या माणसाशी बोलायची ही रीत नव्हे. प्रस्ताव द्यायचा तर त्यावर तारीख घाला आणि ती तोंडावर सांगा.

गळ्यात हार असताना सही

ऑगस्ट २०२० मध्ये पिएर-एमेरिक ऑबामेयांगनं इंग्लंडच्या एफए कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध दोन गोल केले आणि आर्सेनलला कप मिळवून दिला. पुढच्याच महिन्यात, एकतिसाव्या वर्षी, त्याला तीन वर्षांचा नवा करार मिळाला. आधीच्या लीग हंगामात २२ गोल होते, नंतरच्या हंगामात १० झाले. डिसेंबर २०२१ मध्ये शिस्तीच्या कारणावरून कप्तानपद गेलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये करार मोडून तो बार्सेलोनाला गेला. तेव्हा आर्सेनलच्या पाठीराख्यांनीच सहीसाठी धोशा लावला होता, हेही विसरू नका. मीही लावला असता.

लावलाच होता. आमच्या क्लबचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, सगळे त्याला मामू म्हणायचे, वय सदतीस. एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यानं शेवटच्या मिनिटाला गोललाइनवरून चेंडू काढला. बक्षीस समारंभात माइक हातात आल्यावर आमच्यापैकी एकानं जाहीर करून टाकलं की मामू अजून तीन वर्षं आपलाच आणि मानधन दीडपट. टाळ्या वाजल्या. वही माझ्याकडे होती, मीही वाजवल्या. दुसऱ्या हंगामात गुडघा गेला. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

तोडगा सोपा आहे: विजयानंतर किमान महिनाभर कराराचा विषयच काढू नका. मोठ्या पराभवानंतरही नको, तेव्हा माणूस उगाच स्वस्तात काढला जातो.

नुसते गोल मोजणं

गोल फसवतात. त्यातले पेनल्टीचे बाजूला काढा, मग उरलेले बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती मिनिटं खेळला, दुखापतीनं किती दिवस बाहेर होता, आणि रविवारी खेळून बुधवारी पुन्हा उभा राहतो का. पाय आखडला म्हणून सामना सुटायला लागला की समजायचं.

जागाही बघावी लागते. कडेनं पळणाऱ्या विंगरचा वेग गेला की त्याच्याकडे फारसं उरत नाही. स्टॉपर आणि गोलकीपर डोळ्यानं खेळतात. थियागो सिल्व्हाला चेल्सीनं २०२० मध्ये घेतलं तेव्हा तो पस्तीसचा होता. सुरुवातीचा करार एकाच वर्षाचा, पुढे वाढवायची सोय ठेवलेली. पहिल्याच वर्षी चॅम्पियन्स लीग मिळाली आणि तो २०२४ पर्यंत राहिला. चाड्यावरची मूठ म्हणतात ती ही. इटलीचा बुफॉन तर पंचेचाळिशीपर्यंत गोलात उभा होता.

आता कोणी म्हणेल, सुनील छेत्री बघा की. छेत्रीनं चाळिशीत, डिसेंबर २०२४ मध्ये, केरळा ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक केली आणि त्या हंगामात आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) १४ गोल केले. खरंय. पण छेत्रीचं जेवण, झोप, व्यायाम सगळं काट्यावर चालतं. आपला माणूस सामना संपल्यावर निराला बाजारात नल्ली निहारी खायला जात असेल तर छेत्रीचं उदाहरण देऊ नये.

आजचा पगार उद्यावर ढकलणं

ऊसतोड कामगाराच्या अंगावर न फिटलेली उचल फिरते, इथं क्लबच्या अंगावर फिरते. बार्सेलोनानं ऑक्टोबर २०२० मध्ये जेरार्ड पिके, टेर स्टेगन वगैरेंचे करार वाढवले आणि पगाराचा काही भाग पुढच्या वर्षांवर टाकला. कोरोनाचा काळ होता, नाइलाज होता, हे मान्य. पण मागचं ओझं घेऊनच क्लब पुढच्या हंगामात शिरला. ऑगस्ट २०२१ मध्ये चौतिशीतला मेस्सी राहायला तयार, क्लब ठेवायला तयार, तरी लीगच्या पगारमर्यादेत त्याची नोंदणी बसेना. तो गेला. नव्या खेळाडूंची नोंदणी व्हावी म्हणून पिकेला स्वतःचा पगार कापून घ्यावा लागला. तेव्हा खेळाडूशी बोलण्याआधी हिशेबनीसाला आणि नियमाच्या पुस्तकाला विचारा.

आपल्या देशात याच्याही आधीचा प्रश्न आहे: लीग होणार का? जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम आयोजकांनी थांबवून ठेवला आणि महिन्याभरात बेंगळुरू एफसी क्लबनं पहिल्या संघाचे पगारच रोखले. छेत्री त्याच संघाचा. हंगाम झाला नाही तर काय, हे कलम भारतातल्या करारात हवंच.

"इतके सामने खेळला की आपोआप एक वर्ष वाढ"

हे कलम कागदावर गोंडस दिसतं. विसावा सामना जवळ आला की प्रशिक्षक त्याला बाकावर बसवायला लागतो आणि ड्रेसिंगरूममधल्या प्रत्येकाला कारण माहीत असतं. त्याऐवजी सामन्यामागे जादा रक्कम ठेवा.

उशिरा जागं होणं

कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी उघड बोलणी करू शकतो, तोही फुकटात जायला. लिव्हरपूलनं २०२५ मध्ये सालाह आणि व्हॅन डाइकला एप्रिलपर्यंत ताटकळत ठेवलं, मग दोन-दोन वर्षं दिली. ते दोघे थांबले. करार संपत आलेला तिसरा, अलेक्झांडर-अर्नोल्ड, माद्रिदला निघून गेला. वयस्कराशी बोलणं वर्षभर आधी सुरू करा. उत्तर नकाराचं असलं तरी.

चूक होऊन गेली असेल तर

तीन मार्ग असतात. काही रक्कम देऊन दोघांच्या संमतीनं करार संपवणं. अर्धा पगार आपण भरून त्याला दुसरीकडे खेळायला पाठवणं. किंवा काम बदलणं. आर्सेनलच्या पेर मेर्टेसाकरबाबत २०१७ मध्येच ठरलं होतं की एक हंगाम खेळून तो अकादमी सांभाळेल. न करायची एकच गोष्ट: तोंड चुकवणं.

आम्ही तेच केलं. मामू प्रत्येक सामन्याला किट घालून, बुटाच्या नाड्या बांधून टचलाइनशी बसायचा. आम्ही यादी वाचून दाखवताना त्याच्याकडे बघायचो नाही. दोन-अडीच महिने गेले. एकदा मी स्कूटर काढत होतो तर जवळ येऊन शांतपणे म्हणाला, "तीन साल बोले थे ना, भाई." मला काही सुचेना. त्या रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो, वही समोर ठेवली, तीन वर्षांतलं उरलेलं मानधन अर्ध्यावर तोडलं आणि सकाळी सहाची चौदा वर्षांखालची पोरं त्याच्या हवाली केली.

आता त्याचं मानधन दर पाडव्याला ठरतं. यंदा पाचशे रुपये वाढवून मागितले. द्यावे लागले.